दानक्काचा पाण्याचा नियम

हुबळीत आमच्या दवाखान्यात मशीनं दुरुस्त करायला मी लागलो त्याला बावीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मला शिव्या दिल्या नाहीत असा एक डॉक्टर शिल्लक नाही. मशीन बंद पडलं की विरुपण्णा, वीज गेली की विरुपण्णा, आकडा मनासारखा आला नाही तरी विरुपण्णाच. त्यामुळे मी जर कुणाचं कौतुक करायला बसलो, तर मामला खरा आहे असं समजा. आज मी दानम्मा हुनगुंद या बाईचं कौतुक करणार आहे आणि मध्ये कुणी बोललेलं मला चालणार नाही.

दानक्का आमच्या लहान बाळांच्या अतिदक्षता विभागातली मोठी सिस्टर. उंचीला माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र दोन मजल्यांना पुरणारा. जेवणाच्या सुट्टीत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता ती सगळ्या दवाखान्याची हजेरी घ्यायची. पण काचेच्या पेट्यांच्या खोलीत शिरली की हीच बाई कुजबुजायला लागायची. तिथली बाळं म्हणजे दिवस भरायच्या आधी तीन-तीन महिने आलेली. आठशे ग्रॅम, नऊशे ग्रॅम; माझा मोठा पाना त्याहून जड भरतो. फुप्फुसं कच्ची, म्हणून श्वासनळीत काडीएवढी ट्यूब घालून मशीननं श्वास द्यायचा. त्या ट्यूबमध्ये चिकट कफ साचतो, तो दर काही तासांनी आत बारीक नळी सारून ओढून काढायचा. त्याला आम्ही सगळे सक्शन म्हणतो.

काम दहा सेकंदांचं. पण तेवढ्यात बाळ तडफडतं, रक्तदाब उसळतो, मेंदूकडे जाणारं रक्त एकदम वाढतं नाहीतर एकदम आटतं. आणि एवढ्याशा मेंदूतल्या रक्तवाहिन्या त्या केवढ्या! एखादी फुटली तर जन्माचं होऊन बसतं.

दानक्काचं सक्शन मी मुद्दाम थांबून बघायचो. आधी हात चोळून चोळून गरम करायची. मग एका सिस्टरला बाळाचं डोकं आणि दुमडलेले पाय ओंजळीत धरायला लावायची, आईच्या पोटात असतं तसं. नळी आत गेली की स्वतःचा श्वास रोखायची.

मी एकदा विचारलं, "अक्का, तू कशाला नाक दाबून बसतेस?"

"माझा जीव घाबरा झाला की समजायचं, त्याचा कधीच झालाय," ती म्हणाली. "घड्याळ बघत बसले तर बाळाकडे कोण बघणार? तू?"

आता तिच्या नियमाबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. या बाळांना दिवसभरात मिळून चार-पाच मोठे चमचे पाणी चालतं, सलाइन, औषध, सगळं धरून. जास्त झालं की फुप्फुसं भरतात, हृदय दमतं. आणि प्रत्येक औषध दिल्यावर सलाइनची नळी स्वच्छ राहावी म्हणून सिस्टर मागून अर्धा मिली पाणी ढकलायच्या. अर्धा मिली ते काय, असं सगळ्यांना वाटायचं. दानक्कानं एकदा आठवडाभर प्रत्येक बाळाचं हे वरचं पाणी मोजलं. आकडा बघून तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून नियम झाला की औषध द्या, बाळाचं सगळं आवरा आणि शेवटी एकदाच पाणी द्या. फळ्यावर लिहिलेलं होतं, "शेवटी एकदाच." धारवाडहून, गदगहून नव्या मुली शिकायला आल्या की त्यांना पहिल्या दिवशी हे पाठ करायला लागायचं. दानक्काला याचा अभिमान होता, आणि का नसावा? त्या नियमानं किती बाळांची फुप्फुसं वाचली असतील, देवाला माहीत.

मग डॉक्टर श्रीवत्स कट्टी आले. तरुण माणूस, हुशार, मनानं चांगला, पण डोकं तापलं की कढईतल्या तेलासारखं. त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक मशीन, ज्याची पट्टी बाळाच्या कपाळाला चिकटवली की मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती आहे त्याचा आकडा दिसतो. सत्तरच्या आसपास असला की बरं. आकडा घसरला की मेंदूला रक्त कमी पडतंय की काय, अशी शंका घ्यायची. आणि दुसरं, गुंगीचं औषध; ते आल्या आल्याच मोजक्या बाळांना सुरू झालं, मशीन मात्र पावणेदोन वर्षांनी हाती आलं. सक्शनच्या आधी द्यायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग नळी घालायची. बाळ घाबरणार नाही, दुखणार नाही, मेंदूचं रक्त वरखाली होणार नाही. ऐकायला सोन्यासारखं.

झालं भलतंच. औषध देऊनही बाळं सक्शनच्या वेळी पहिल्यासारखीच तडफडायची. आणि नंतर, सगळं आवरून झाल्यावर, बाळ स्वस्थ झोपलेलं असताना आकडा धाडकन खाली. सत्तरवरून पन्नासवर.

डॉक्टरांनी कुणाला धरलं असेल? मलाच!

"विरुपण्णा, हे मशीन कचरा आहे. बाळ शांत झोपलंय आणि हे सांगतंय मेंदूला रक्त नाही!"

"सर, मशीन ठीक आहे."

"मग बाळ खोटं बोलतंय का?"

माझं पित्त खवळलं. मी पट्टी सरळ माझ्या कपाळाला लावली आणि सगळ्यांच्या देखत तासभर स्टुलावर बसून राहिलो. आकडा एका जागी स्थिर. आमची रत्ना नावाची सिस्टर आहे, जिभेला हाड नाही पोरीच्या. ती म्हणाली, "चला, विरुपण्णाच्या डोक्यात काहीतरी आहे हे आज कागदावर आलं." सगळे हसले. दानक्का हसली नाही. ती पेटीसमोर उभी राहून हातातल्या कागदावर काहीतरी लिहीत होती.

त्याच आठवड्यात यल्लव्वाचं बाळ आलं. अण्णिगेरीची बाई, आधीची दोन गेलेली. हे तिसरं सव्वीस आठवड्यांचं, सातशे ऐंशी ग्रॅम. यल्लव्वा दाराच्या काचेला नाक लावून उभी राहायची. बस म्हटलं तर म्हणायची, "मी बसले की ती दोघं गेली, मी नाही बसत." अशा बाईला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "हे बाळ सक्शनला फार झगडतंय. औषध कमी पडतंय. बाराच्या सक्शनला दीडपट द्या."

दानक्का म्हणाली, "डॉक्टर, औषध दिल्यानंतर कालपण याचा आकडा पडला होता. दीडपट दिलं तर?"

"सिस्टर, आकडा नंतर पडतो, सक्शनच्या दमणुकीनं. झगडायचं थांबलं की तेही थांबेल."

"मला बारापर्यंत वेळ द्या."

"कशाला?"

"ते अजून मलाच कळलेलं नाही," ती म्हणाली. डॉक्टर खांदे उडवून पुढच्या पेटीकडे गेले.

ती तडक माझ्या खोलीत आली. "विरुपण्णा, सलाइन ढकलणारा एक पंप दे. आणि बाळांना लावतो तसली सलाइनची नवी नळी दे, हातभर लांबीची. कारणं विचारू नकोस."

आम्ही चहाच्या खोलीत गेलो. टेबलावरचं गिरमिटच्या चुरमुऱ्यांचं पुडकं तिनं बाजूला सारलं आणि एक स्टीलची ताटली ठेवली. नळीचं एक टोक पंपाला, दुसरं ताटलीवर. नळीत साधं पाणी भरलं, पंप लावला तासाला एक मिली, बाळाला असतो तेवढाच. मग तोंड आलेल्या बाळांना लावतात ते जांभळं औषध पाण्यात मिसळून तिनं सिरिंजमध्ये घेतलं, गुंगीच्या औषधाएवढंच, आणि पंपाजवळच्या तोंडातून नळीत सोडलं. बाळांना औषध तिथूनच द्यायचो आम्ही, म्हणजे पेटी उघडायला नको, बाळाला गार लागायला नको.

"आता पाच मिनिटं," ती म्हणाली.

रत्नाही येऊन उभी राहिली. पाच मिनिटं झाली. जांभळा रंग कसाबसा पाव नळीपर्यंत आला होता. ताटलीत पडत होतं ते स्वच्छ पांढरं पाणी.

मला तेवढ्यात कळलं. पंप एवढा सावकाश चालतो, की आपण दिलेलं औषध बाळापर्यंत गेलेलंच नसतं. ते नळीतच रेंगाळत असतं. म्हणजे बिचारं बाळ झगडायचं ते औषधाशिवायच.

"अगं अक्का!" मी ओरडलो. "सापडलं की!"

"थांब," ती म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "आता सक्शन झालं. कूस बदलली. तोंड पुसलं. सगळं आवरलं. दहा मिनिटं धर." तिनं खरोखरच दहा मिनिटं काढली. रंग अजून ताटलीपर्यंत पोचला नव्हता. मग तिनं दुसरी सिरिंज उचलली, त्यात अर्धा मिली पाणी, आणि रोज ढकलते तसं ढकललं.

सगळं जांभळं एका दमात ताटलीत आलं.

ताटलीत तो डाग पसरत होता. झगडून दमलेलं, झोपी गेलेलं बाळ, आणि त्याच्या अंगात सगळी गुंगी एकदम. रक्तदाब खाली, मेंदूचं रक्त खाली. मशीन पहिल्यापासून खरंच सांगत होतं.

दानक्का खुर्चीवर बसली. "परवा एक्स-रेवाला मध्ये आला म्हणून मला पाणी द्यायला उशीर झाला होता," ती म्हणाली. "आकडाही उशिरा पडला. पाणी दिल्या दिल्या पडला. तेव्हाच डोक्यात किडा शिरला माझ्या. मी म्हटलं, देवा, हे खोटं ठरू दे." मग ती स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली, "शेवटी एकदाच. मीच शिकवलं ना सगळ्यांना?"

रत्नाची थट्टामस्करी कुठच्या कुठे पळाली होती. ती हळूच म्हणाली, "अक्का, डॉक्टरांना फक्त एवढंच सांगू या की दीडपट नको. पाण्याचं आपण आपलं गुपचूप बदलू. तुमच्या नावाचा नियम आहे. उद्या सगळे तुमच्यावरच घसरतील."

खरं सांगतो, मलाही तेच पटलं होतं. मी मान हलवली.

दानक्का आमच्या दोघांवर अशी काही उखडली! "लाज नाही वाटत? गुपचूप बदललं तर गुपचूपच राहील. रात्रपाळीच्या पोरींना कोण सांगणार? गदगला गेलेल्यांना कोण सांगणार? त्या तिकडे अजून माझंच नाव घेऊन पाणी ढकलत असतील." ताटली उचलून ती निघाली. पावणेबारा वाजले होते.

डॉक्टर कट्टी टेबलाशी लिहीत होते, भोवती पाच-सहा जण. हिनं ताटली त्यांच्या कागदांवरच ठेवली.

"हे काय?"

"तुमचं औषध, डॉक्टर. आणि माझी चूक." मग तिनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. औषध लांबच्या तोंडातून दिलं जातं, पाणी शेवटी दिलं जातं, आणि हा "शेवटी एकदाच"चा नियम माझा आहे.

डॉक्टरांचं तोंड लाल झालं. "सिस्टर, इतकी वर्षं तुमच्या या नियमानंच औषधं दिली जातायत..."

"बाकीच्या औषधांना चालतं. अर्धा तास उशिरा गेलं तरी बिघडत नाही. याचं तसं नाही. ते मला कळायला हवं होतं."

डॉक्टरांनी ती जांभळी ताटली जवळ ओढली. मग त्यांनी चष्मा काढला. "मलाही कळायला हवं होतं," ते म्हणाले. "नळी किती लांब आहे हे मी विचारलंच नाही." डोकं तापलेलं असताना एवढं बोलायला छाती लागते, हे मी कट्टींच्या खात्यावर मांडून ठेवतो. मग ते माझ्याकडे वळले. "आणि विरुपण्णा, मशीनबद्दल..."

"राहू दे सर. मला सवय आहे."

बाराचं सक्शन साडेबाराला झालं. दीडपट सोडाच, डोस निम्मा. औषध बाळाच्या अगदी जवळच्या तोंडातून, सावकाश, मागून चिमूटभर पाणी तेही सावकाश, आणि ते दिवसाच्या पाण्यात मोजून. मग वाट बघायची. पापण्या जड झाल्या, मूठ सैल पडली. दानक्कानं हात चोळले. रत्नानं डोकं आणि पाय ओंजळीत घेतले. नळी आत गेली, बाहेर आली. बाळानं फक्त कपाळाला एक आठी घातली. अडुसष्ट. सदुसष्ट. एकोणसत्तर. आम्ही अर्धा तास त्या आकड्यासमोरून हललो नाही. सदुसष्टच्या खाली तो गेला नाही.

दारापलीकडे यल्लव्वाला काही कळत नव्हतं, सगळे एकाच पेटीभोवती बघून तिचा चेहरा पांढरा पडला होता. दानक्का बाहेर गेली आणि तिला म्हणाली, "आता बस बाई. बसलीस तरी चालेल." पुढे अडीच महिन्यांनी ते बाळ घरी गेलं. यल्लव्वा जाताना सगळ्यांच्या पाया पडली, माझ्यासुद्धा. मी पळून गेलो.

दुसऱ्याच दिवशी दानक्कानं फळ्यावरचा नियम पुसला आणि नवा लिहिला. गदग-धारवाडला एकेकीला फोन लावून सांगितलं. डॉक्टरांनीही ठरवलं की प्रत्येक बाळाला गुंगी नाही, आधी हात, आधी ओंजळ, आणि अगदीच लागलं तर औषध. इथे गोष्ट संपली असती तर सगळे खूश झाले असते. पण दानक्कानं जुने कागद मागवले. त्या जुन्या रीतीनं औषध किती बाळांना गेलं होतं? अकरा. दहा धडधाकट निघाली. अकरावी बीबीजानची आफरीन.

आफरीनला चौथ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला होता. आता दीड वर्षाची होती. उजवा पाय ताठ. दर गुरुवारी बीबीजान तिला घेऊन यायची आणि दानक्का जेवणाची सुट्टी सोडून तिच्या पायाचा व्यायाम घ्यायची, फिजिओथेरपिस्टनं शिकवला होता तसा. पोरगी इतर कुणी हात लावला की किंचाळायची, हिच्यापाशी मात्र खिदळायची.

डॉक्टर कट्टी म्हणाले, "सिस्टर, इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये रक्तस्राव असाही होतो. औषधानंच झाला असं जगातला कुणीही सांगू शकणार नाही."

"नाही झाला असंही सांगू शकणार नाही ना?"

"नाही. पण तिला सांगून काय मिळणार? पाय थोडाच सुटणार आहे?"

"डॉक्टर, ती मला दर गुरुवारी विचारते, माझं काय चुकलं, गरोदरपणात काय खाल्लं मी. दीड वर्ष ती स्वतःला दोष देत बसली आहे. मी गप्प बसून तिनं आणलेला डबा खाते."

डॉक्टर मग स्वतःही बरोबर गेले. मी दाराशी होतो. दानक्कानं खाली बसून, बीबीजानच्या तोंडाकडे बघत सगळं सांगितलं. औषध, नळी, पाणी, नियम कुणाचा. कदाचित त्यानं झालं असेल, कदाचित नसेल, आणि तुझ्या खाण्यापिण्याचा यात काही संबंध नाही.

बीबीजाननं पोरीला मोजा चढवला, बुरखा सावरला, उठली आणि गेली. डब्याची पिशवी तिथेच राहिली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दानक्कावर भयंकर चिडलो. "झालं समाधान? पोरीचा व्यायाम बुडवलास. खरेपणाचं एवढं खूळ असतं का?"

ती एवढंच म्हणाली, "तुझं बरोबर असेल, विरुपण्णा." पण प्रत्येक गुरुवारी एक ते दोन ती त्या खोलीत सतरंजी अंथरून बसायची. भाकरीला हात लावायची नाही. तिसऱ्या गुरुवारी मी दारावरून जाताना बघितलं, ती रडत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मी आत गेलो नाही. मला जायला हवं होतं.

चौथ्या गुरुवारी सव्वा वाजता बीबीजान दारात उभी राहिली. पोरगी कडेवर. दानक्का उठू लागली तर तिनं हातानंच थांबवलं.

"मी माफ केलेलं नाही," बीबीजान म्हणाली. "ते आधीच सांगते. करेन की नाही, मला माहीत नाही."

"बरं," दानक्का म्हणाली.

"घरी मी करून बघितलं. हिच्या बापानं केलं. दुसऱ्या दवाखान्यात नेलं. पाय आखडून घेते, सगळं घर डोक्यावर घेते." तिनं पोरीला सतरंजीवर ठेवलं आणि मोजा काढला. "हिचा पाय तुमच्याच हाताला ऐकतो. मी काय करू? धरा."

आफरीननं तोवर ताठ पाय स्वतःच पुढे केला होता. दानक्कानं हात चोळायला घेतले, आणि बराच वेळ ती चोळतच राहिली, कारण हात थरथरायचे थांबत नव्हते. शेवटी बीबीजान खाली बसली, तिनं ते दोन्ही हात आपल्या हातात धरले, ते थांबेपर्यंत धरून ठेवले, आणि मग पोरीच्या पायावर नेऊन ठेवले.